आधी दीर्घिका की आधी त्यांचे थवे?

वरळीच्या नेहरू तारांगणातून बाहेर पडताना भाचीने विचारलं, "मामा, आधी काय झालं? दीर्घिका की त्यांचे थवे?" दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह. उत्तरं दोन.

एक उष्ण कृष्णद्रव्याचं. (कृष्णद्रव्य म्हणजे दिसत नाही, पण गुरुत्वाकर्षणातून जाणवतं असं द्रव्य.) न्यूट्रिनोंसारखे अतिहलके कण इतके सुसाट पळतात की द्रव्याच्या लहान गाठी पुसूनच जातात. आधी महाकाय चादरी, मग त्या फाटून दीर्घिका. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ झेल्डोविच यांनी १९७० मध्ये या चादरींचं गणित मांडलं. त्यांना 'पॅनकेक' म्हणतात; मी घावन म्हणतो.

दुसरं शीत कृष्णद्रव्याचं. कण संथ, त्यामुळे लहान गाठी टिकतात आणि एकमेकींत मिसळत वाढतात. पावसात बेस्टच्या काचेवर बघा: दोन थेंब भिडतात, जड होतात, घसरताना तिसऱ्यालाही घेऊन जातात. (तिथे पृष्ठताण, इथे गुरुत्वाकर्षण, चित्र मात्र तेच.) विश्वाच्या सुरुवातीला घनतेतले चढउतार जेमतेम लाखात एक. त्यात साधं द्रव्य प्रकाशाच्या दाबामुळे सुमारे ३,८०,००० वर्षं अडकलेलं. कृष्णद्रव्याला तो दाब जाणवतच नाही, म्हणून त्याचे गुरुत्वाकर्षणाचे खड्डे आधीच खोल होत गेले आणि सुटका झाल्यावर वायू त्यांत ओघळला.

माझा कौल शीतला. घावनाच्या हिशेबात दीर्घिका फार उशिरा येतात. जेम्स वेब दुर्बिणीला तर महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आतलीही दिसली आहे.