आठ महिने, ४१ सुरुवाती: चित्रपटांची पहिली पाच मिनिटं वहीत उतरवताना काय हाती लागलं

गेले आठ महिने मी एक गोष्ट नेमाने करते आहे. आठवड्याला निदान एक चित्रपट निवडायचा, त्याची फक्त पहिली पाच मिनिटं घ्यायची आणि ती चार वेळा बघायची. पहिल्यांदा साध्या प्रेक्षकासारखी. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून, नुसती ऐकायची. चौथ्यांदा एकेक शॉट थांबवत, वहीत तक्ता भरत. शॉटचा क्रमांक, किती सेकंदांचा, क्लोज-अप की लाँग शॉट, कॅमेरा हलला का, काय ऐकू आलं, आणि शेवटचा रकाना: ‘या शॉटमुळे मला नवीन काय कळलं?’

आजवर अशा ४१ सुरुवाती झाल्या. सोबत फोनवर छोटे सराव शूट केले आणि दोन मिनिटांची एक सुरुवात स्वतः करून पाहिली, दोनदा. या पद्धतीबद्दल कोणी विचारलं तर मी आता खात्रीने सांगते, की नुसती वही भरून चित्रपट करता येत नाही आणि नुसतं शूट करत राहिलं तर आपलं काय चुकतंय ते दिसत नाही. मला दोन्ही एकाच महिन्यात चालू ठेवल्यावरच गती आली.

पहिला महिना जवळजवळ वाया गेला, कारण मी लेबलं लावत होते. कॅमेरा खालून वर बघतोय म्हणजे माणूस ताकदवान, वरून खाली बघतोय म्हणजे दुबळा, निळा रंग म्हणजे उदासी. हे तयार अर्थ फार लवकर पाठ होतात आणि डोळ्यांवर झापडं आणतात. खालून वर बघणारा कॅमेरा कधी कधी फक्त एवढंच सांगतो की बघणारं लहान मूल आहे. मग मी शेवटचा रकाना आखला आणि बाकीचे रकाने त्याच्यासाठी भरायला लागले. नवीन काहीच कळलं नाही, तर तो शॉट तिथे का आहे हा प्रश्न विचारायचा. चांगल्या सुरुवातीत या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

मला सर्वात जास्त शिकवलं ते ‘टच ऑफ ईव्हिल’च्या पहिल्या शॉटने. ऑर्सन वेल्सचा १९५८चा चित्रपट. एक हात टाइम बॉम्बची वेळ लावतो, बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो, आणि तीन मिनिटांहून जास्त वेळ कॅमेरा एकही कट न घेता गाडीच्या आणि एका जोडप्याच्या मागे-पुढे रस्त्यांतून फिरत राहतो. शॉटच्या लांबीचं कौतुक सगळेच करतात. मला त्यातला आवाज महत्त्वाचा वाटला. प्रदर्शित झालेल्या आवृत्तीत स्टुडिओने या शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत घातलं होतं. वेल्सने आपल्या सूचनांचं ५८ पानी टिपण लिहिलं होतं. त्याच्या आधारे १९९८मध्ये संकलक वॉल्टर मर्चने पुन्हा संकलन केलं, पडद्यावरची नावं काढली आणि त्या संगीताच्या जागी रस्त्यावरचे आवाज आणले: दारांतून येणारं संगीत, गाडीतला रेडिओ.

दोन्ही आवृत्त्या मी एका संध्याकाळी पाठोपाठ पाहिल्या, आणि मग पाठ करून ऐकल्या. संगीताच्या आवृत्तीत थरार आहे, पण तो सगळीकडे सारखा पसरलेला. दुसऱ्या आवृत्तीत गाडीच्या रेडिओचा आवाज जवळ येतो, दूर जातो, आणि न बघताही बॉम्ब कुठे आहे ते कळतं. चित्र तेच असूनही माझा शेवटचा रकाना दोन्ही वेळा वेगळा भरला गेला. त्या दिवसापासून मी वहीत आवाजाचा रकाना चित्राच्या आधी भरते.

सर्जिओ लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची (१९६८) सुरुवातही अशीच कानांनी शिकण्यासारखी. तीन माणसं स्टेशनवर आगगाडीची वाट बघतात. पवनचक्कीचं कुरकुरणं, टोपीवर टपटपणारं पाणी, चेहऱ्यावर घोंगावणारी माशी. बोलणं जवळजवळ नाही. हाताशी पैसा नसलेल्या विद्यार्थ्याला हे फार दिलासा देणारं आहे, कारण असे आवाज आपणही मिळवू शकतो. आणि कॅमेरा हलवण्याची ज्याला घाई आहे त्याने चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (२०१४) लावावा. कॅमेरा लांब, बराच वेळ एका जागी स्थिर, माणसं फ्रेममध्ये आपापलं काम करतायत, आणि तरीही नजर हटत नाही.

आता शूटिंगबद्दल. चित्रपट शिकवताना एक साधा सराव बऱ्याच ठिकाणी देतात: एक माणूस दार उघडून आत येतो, खोली ओलांडतो, दुसऱ्यासमोर खुर्चीत बसतो आणि दोघं चार वाक्यं बोलतात. एवढंच. पण यात हालचालीवरचा कट, समोरासमोरचे शॉट आणि १८० अंशांचा नियम (दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा), तिन्ही येतात. मी हा सराव चार वेळा केला आणि प्रत्येक वेळी नवीन चूक निघाली.

पहिल्यांदा दार उघडताच बाहेरचा उजेड आत आला आणि फोनने स्वतःहून अख्खी खोली काळी केली. तेव्हापासून एक्स्पोजर (चित्र किती उजळ), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक केल्याशिवाय मी टेक घेत नाही. दुसऱ्यांदा लाँग शॉटमध्ये कडी उजव्या हाताने उघडली होती आणि क्लोज-अपमध्ये डाव्या. शूट करताना तीन माणसं बघत होती, कोणाच्याही लक्षात आलं नाही. संकलनाच्या टाइमलाइनवर मात्र ते पहिल्याच झटक्यात दिसलं. आता प्रत्येक टेकनंतर हाताचा फोटो काढून ठेवते.

तिसऱ्या वेळेस हात बरोबर होता, उजेड बरोबर होता, तरी कट खटकत होता. लाँग शॉटमध्ये हात कडीपर्यंत पोहोचतो, थांबतो, मग क्लोज-अप. बघताना दर वेळी ठेच लागायची. मग मी एका चित्रपटातला तसाच कट काढला आणि व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयरमध्ये ‘ई’चं बटण दाबत एकेक फ्रेम पुढे सरकले. तिथे हात कडीपर्यंत पोहोचायच्या आतच कट होता, हात अजून हवेत आणि वेगात. मी माझा कट सहा फ्रेम आधी नेला. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर हा पाव सेकंद. कट दिसेनासा झाला. त्या रात्री मी ते दार किती वेळा उघडलं असेल, सांगता येणार नाही. हालचाल चालू असताना कापा, हे वाक्य मी आधी दहा ठिकाणी वाचलं होतं. त्या सहा फ्रेम स्वतः सरकवल्यावर ते हातात बसलं.

१८० अंशांच्या नियमासाठी जमिनीवर दोन खुर्च्यांमध्ये चिकटपट्टी लावली आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवला. बाकी काही करावं लागलं नाही.

आवाजाने सर्वात जास्त छळलं. कॅमेऱ्याच्या फोनवर घेतलेला आवाज पोकळ येतो, कारण फोन बोलणाऱ्यापासून लांब असतो. दुसरा फोन बोलणाऱ्याच्या जवळ, फ्रेमच्या बाहेर लपवला आणि टेकच्या सुरुवातीला टाळी वाजवली की चित्र-आवाज जुळवता येतात. तरीही लांब टेकमध्ये शेवटाकडे ओठ आणि शब्द निसटायला लागले. कारण पुष्कळ फोन एका ठरावीक वेगाने फ्रेम घेत नाहीत, वेग मधूनच थोडा बदलतो. क्लिप आधी हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटला बदलून घेतल्यावर हा त्रास संपला. प्रत्येक जागी कोणीही न बोलता तीस सेकंद खोलीचा आवाज भरून घ्या. संकलनात दोन वाक्यांमधली भगदाडं बुजवायला तोच लागतो, आणि नंतर तो कुठूनही आणता येत नाही. आणखी एक: वीज ५० हर्ट्झची असेल तर शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा, नाहीतर दिवे लुकलुकतात. मी अख्खा एक दिवसाचा शूट यात घालवला.

सहाव्या महिन्यात मी माझी स्वतःची दोन मिनिटांची सुरुवात केली. गजर वाजतो, मुलगी उठते, तोंड धुते, आरशात बघते, बॅग भरते. बघायला नीटनेटकी होती. मग मी तिच्यावर माझाच तक्ता चालवला: ११ शॉट, त्यातल्या आठांसमोर शेवटचा रकाना रिकामा. मला खूप वाईट वाटलं, पण वहीने खरं तेच सांगितलं. चार जणांना ती दाखवून विचारलं, “पुढे काय होईल असं वाटतं?” कोणालाच काही सांगता आलं नाही.

दुसरी आवृत्ती पाच शॉटची. खुंटीवरून एक हात किल्ल्यांचा जुडगा काढतो. कडीतून एक किल्ली सोडवतो, नखाला ती कडी उघडता उघडत नाही. आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतो आणि हात थांबतो. सुटी किल्ली टेबलावर. रिकामी खुंटी, आणि दार लागल्याचा आवाज. पहिल्या आवृत्तीच्या निम्म्याहून कमी वेळ. त्याच चार जणांना दाखवली. चौघंही म्हणाले, ती घर सोडून चालली आहे. दोघांनी विचारलं, आत खोकत होतं ते कोण?

श्रेयनामावलीबद्दल थोडकंच. ‘सेव्हन’ची (१९९५) काइल कूपरने केलेली श्रेयनामावली शोभेसाठी नाही. खुन्याच्या वह्या, त्याचे हात आपल्याला तिथेच भेटतात, कथा तिथूनच चालू होते. माझी नावं मी किल्लीच्या शॉटवर घातली होती आणि सगळे नावं वाचत बसले, किल्ली कोणी पाहिलीच नाही. आता नाव रिकाम्या खुंटीवर येतं आणि मोठ्याने दोनदा वाचून होईपर्यंत राहतं.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. पाच मिनिटं ही माझी सोय आहे. काही चित्रपटांची सुरुवात तीन मिनिटांत संपते, काहींची पंधरा मिनिटं चालते, आणि काही सुरुवातींचा अर्थ शेवट पाहिल्यावरच लागतो. तेव्हा अख्खा चित्रपट बघून तक्ता पुन्हा भरावाच लागतो. अभिनेत्याकडून काम कसं करून घ्यायचं, हे यातून अजिबात शिकता येत नाही. शॉटची सरासरी लांबी काढणं मी चौथ्या महिन्यात सोडलं, त्या आकड्यावरून माझा एकही निर्णय बदलला नव्हता. आणि मधले दोन महिने मला कोणताही चित्रपट सलग बघता येईना, मन कट मोजत राहायचं. ते हळूहळू आपोआप थांबलं, पण सुरू करणाऱ्याला हे आधी ठाऊक असावं.

ज्यांना फक्त चित्रपट आवडतात त्यांना मी चारपैकी एकच गोष्ट सुचवेन: पडद्याकडे पाठ करून ऐका. ज्यांना करायचे आहेत त्यांनी वही घ्यावी, आणि दहा सुरुवाती भरायच्या आत दाराचा सराव शूट करावा. मी तिसऱ्या महिन्यापर्यंत थांबले, एवढं थांबायला नको होतं.

सध्या माझी तिसरी आवृत्ती चालू आहे. चित्र पक्कं झालंय. टेबलावर किल्ली ठेवल्याचा आवाज मात्र अजून मनासारखा मिळालेला नाही. लाकडावर, काचेवर, वहीवर, खाली कापड घालून, असे नऊ आवाज भरून झाले. लाकडावरचा फार ठाम वाटतो, कापडावरचा ऐकूच येत नाही. उद्या किल्ली ठेवण्याआधी बोटांत थोडा वेळ धरून बघणार आहे.