हँग-ऑन रिफ्युजियम, कॉलर्पा आणि जळगावचा उन्हाळा

माझी खाऱ्या पाण्याची टाकी साधारण ६० लिटरची. क्लाउनफिशची जोडी, थोड्या गोगलगायी, बाकी नुसते दगड. (दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, त्यामुळे त्या वाटेला मी गेलोच नाही.) दगडांवर कॉलर्पा (वेलीसारखं पसरणारं समुद्री शेवाळ) माजली होती, म्हणून हिवाळ्यात टाकीच्या काठाला अडकवायचा रिफ्युजियम, म्हणजे टाकीचंच पाणी फिरवून आत शेवाळ वाढवायचा छोटा डबा, घेतला. आता उन्हाळाही काढला त्याने, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आधी स्पष्ट सांगतो, नुसता डबा लावून कॉलर्पा जात नाही. ती हातानेच काढावी लागते, आणि काढायचीही पद्धत आहे. आपल्या शेतातल्या हरळीसारखीच तिची गत, कांडं राहिलं की फुटलीच. दिसायला पानं, देठ, मुळं सगळं असलं तरी आख्खी वेल म्हणजे एकच पेशी असते आणि तुटलेला तुकडा जिथे पडेल तिथे धरतो. म्हणून एका हातात लांब चिमटा, दुसऱ्या हातात चालू सायफनची नळी. दगडाला धरलेली मुळं सोडवायची आणि तुकडा सुटायच्या आत नळीत ओढून घ्यायचा. खालच्या बादलीच्या तोंडाला फडकं बांधायचं. शक्य असेल तर दगडच बाहेर काढून घासा, निम्मी कटकट वाचते.

रिफ्युजियमचं काम त्यानंतर सुरू होतं. त्यात मी कीटोमॉर्फाचा गुंता ठेवलाय. शेवाळच ते, पण दगडाला चिकटत नाही. पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट खाऊन फुगतं, मूठभर उपटून टाकलं की तेवढं खत टाकीबाहेर. काट्याने काटा काढायचा प्रकार. टाकीचा दिवा मालवला की डब्याचा लागतो, त्यामुळे रात्री पीएचही फार पडत नाही. काही जण या डब्यात कॉलर्पाच ठेवायला सांगतात. अजिबात नको. ती कधी कधी एका रात्रीत पांढरी पडून बीजपेशी सोडते, पाणी दुधाळ होतं, ऑक्सिजन घटतो आणि मासे वर येऊन तोंड मारत बसतात.

पण डब्याआधी पाण्यावर खर्च करा. घरच्या आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळतो. पिण्याला ठीक, टाकीला नाही. बोअरचं पाणी असेल तर विचारूच नका. कंट्रोलर बंद करून पुढे उरलेले क्षार काढणारी डीआय कार्ट्रिज लावली, टीडीएस मीटर शून्यावर आलं, तेव्हा कुठे नव्या फुटव्यांचा जोर ओसरला.

आता तक्रारी. डब्याबरोबर आलेला पंप भिकार आहे. भारनियमनात लाइट गेली की बंद पडतो आणि परत आल्यावर हवा धरून नुसता गुरगुरतो. दुकानदाराला फोन केला तर, "भाऊ, त्या पंपाचं असंच असतं!" शेवटी दुसरा पंप बसवला, तेव्हापासून शांतता. काठावर मिठाचे थर जमतात, ते पुसावे लागतात. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना टाकीचं पाणी तिशीच्या वर जात होतं, त्यात डब्याच्या दिव्याची भर. पाण्यावर पंखा सोडला, तर पाणी भराभर उडायला लागलं. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती साध्या डीआय पाण्याचीच, घनता १.०२५ धरून.

टक्सिडो अर्चिन हा काटेरी, गोल समुद्री प्राणीही आणला होता. पाठीवर शिंपल्या घेऊन फिरतो, बघायला मजा येते. काचेवरचं शेवाळ चाटूनपुसून खातो, कॉलर्पाकडे मात्र ढुंकून बघत नाही. फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाच्या कॅप्सूल ब्रायोप्सिस या दुसऱ्या शेवाळावर चालतात, कॉलर्पासाठी त्यांच्या भरवशावर राहू नका.

काढलेला कचरा गच्चीवर पत्र्यावर कडकडीत वाळवूनच फेका. आपल्या गिरणा नदीला कॉलर्पाचं भय नाही, गोड्या पाण्यात ती जगत नाही. पण मुंबईच्या पाहुण्याला हौसेने तुकडा देऊ नका, तिथे समुद्र आहे. कॅलिफोर्नियाच्या अग्वा हेडिओंडा खाडीत २००० साली कॉलर्पा टॅक्सिफोलिया सापडली. ताडपत्र्या झाकून, खाली क्लोरीन सोडून तिला मारावं लागलं आणि खाडी मोकळी झाल्याचं जाहीर व्हायला २००६ उजाडलं.