जो हक्क माझाच होता, त्याचे अडीच लाख मोजले

मी ठाण्यात चरईत राहते. नवरा पोर्तुगीज नागरिक, पण नोकरी जर्मनीत, लाइपझिगला. गेल्या वर्षी तो दीड महिन्याची रजा काढून इथे आला. विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवसांची नोटीस लावून आम्ही ठाण्यातच नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि तो परत गेला. त्यानंतर घरात रोज एकच विषय, व्हिसाचं काय झालं?

वाशीच्या सेक्टर 17 मधल्या एका सल्लागाराचं नाव नात्यातूनच कळलं. आई आणि मी ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी पकडून गेलो. मराठी माणूस, चाळिशीचा, बोलायला अतिशय गोड. आईला "काकू, आधी पाणी घ्या," म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, व्हिसा मिळेल हो. पण नुसत्या बायको म्हणून गेलात तर पाच वर्षं घरी बसावं लागेल. नोकरी करायची तर वर्क परमिट वेगळं."

नऊ वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी केल्यावर हे वाक्य मला कुठे लागलं असेल, सांगायला नको. नवऱ्याला विचारलं, तर त्यालाही नीट माहिती नव्हती. तो स्वतः युरोपीय नागरिक, त्याला परमिट कधी लागलंच नाही. "ते लोक हेच काम करतात, त्यांना माहीत असेल," म्हणाला.

पैसे असे गेले. फाइल आणि अपोस्टिलचे, म्हणजे आपला कागद परदेशात चालावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्याचे, 25,000. वर्क परमिटचे 85,000. हे दोन्ही ऑनलाइन, पण कंपनीच्या नाही, कुणा बाईच्या खात्यावर. शेवटी "पती-पत्नी कोटा लवकरच बंद होतोय" म्हणून 1,40,000 रोख, पावती नाही. त्यासाठी आईने मुदतीआधी एफडी मोडली.

आता खरं काय आहे ते सांगते, कारण ते कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्या ऑफिसची पायरीच चढले नसते. युरोपीय संघाचा नागरिक स्वतःचा देश सोडून संघातल्या दुसऱ्या देशात राहत असेल, तर त्याच्या बायकोला किंवा नवऱ्याला संघाचा 2004 सालचा 38 क्रमांकाचा निर्देश, म्हणजे सदस्य देशांना बंधनकारक नियम, लागू होतो. त्याप्रमाणे प्रवेशाचा व्हिसा फुकट असतो आणि अर्ज लवकर निकाली काढायचा असतो. तिथे पोचल्यावर निवासकार्डासाठी अर्ज करायचा. अर्ज केल्याचं प्रमाणपत्र लगेच आणि कार्ड सहा महिन्यांच्या आत द्यावं लागतं. कार्डाचं शुल्क तिथल्या नागरिकांना तशाच कागदपत्राला पडतं त्याहून जास्त नसतं. आणि नोकरी? ती करण्याचा हक्क नात्यातूनच येतो. त्यासाठी वेगळं वर्क परमिट नावाची गोष्टच नाही. कोटाही नाही.

इथे एक फरक मात्र नीट लक्षात घ्या, कारण त्यातच लोक गोंधळतात. माझा नवरा जर्मन असता आणि जर्मनीतच राहत असता, तर हा निर्देश सहसा लागू झाला नसता. मग जर्मनीचा स्वतःचा कायदा, वेगळा व्हिसा आणि बहुतेकदा ए-वन पातळीची, म्हणजे अगदी प्राथमिक जर्मनची परीक्षा. म्हणजे जोडीदाराचा पासपोर्ट कुठला आणि तो राहतो कुठे, हे दोन्ही बघावं लागतं. ब्रिटिश पासपोर्ट तर 2020 सालानंतर या हिशोबातूनच गेला.

माझं पैशापेक्षा मोठं नुकसान अर्जाने केलं. त्या सल्लागाराने माझ्याकडून कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या. मी केल्या, ही माझी चूक. पुढे नकाराचं पत्र आलं, त्यात प्रवासाचा उद्देश पटत नाही या खुणेवर टिक होती. मी भरलेल्या फॉर्मची प्रत मागितली. चार दिवस टाळाटाळ करून त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. उद्देश, पर्यटन. वैवाहिक स्थिती, अविवाहित. युरोपीय नागरिक असलेल्या नातेवाइकाचे रकाने कोरे. गळ्यात मंगळसूत्र होतं आणि हातातल्या फोनवर 'अविवाहित' खाली माझी सही. रात्री दोन वाजता तो फॉर्म वाचत बसले, तेव्हा काही रकान्यांपुढे चांदणी दिसली. तळटीप होती, युरोपीय नागरिकांच्या कुटुंबीयांनी हे रकाने भरू नयेत. हॉटेल, नोकरी, खर्च कोण करणार, हे सगळे तेच रकाने. आणि नेमके तेच त्याने खोट्या माहितीने भरले होते. सगळं फॉर्मवरच छापलेलं होतं.

नकाराची ही नोंद युरोपच्या व्हिसा यंत्रणेत पाच वर्षांपर्यंत राहते. त्यामुळे दुसऱ्या वेळी अर्ज करताना घडलेलं सगळं लिहून, पुराव्यांसकट जोडावं लागलं.

'वर्क परमिट' म्हणून दिलेली पीडीएफ नवऱ्याने त्याच्या ऑफिसात दाखवली. जर्मन सरकारचं म्हणे पत्र, आणि त्यात जर्मनचा एक शब्द नाही. असलं पत्र नसतंच, असं तिथे सांगितलं. इकडे मी पैसे परत मागितले, तर सल्लागाराने पासपोर्ट अडवून आणखी 15,000 मागितले. पोलिसांत जाते म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी पासपोर्ट घरी आला.

अपोस्टिलच्या नावाखालीही असेच जास्त पैसे घेतले होते. मंत्रालयात गृह विभागाकडून साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. त्याचं सरकारी शुल्क एका कागदाला 50 रुपये, वर अधिकृत केंद्राची सेवा-फी. परदेशी नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली परवाना लागतो, आणि त्याला उमेदवाराकडून 30,000 आणि जीएसटी याहून जास्त फी घेता येत नाही. परवानाधारकांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे. या सल्लागाराचं नाव त्यात नव्हतं. भिंतीवर फ्रेम केलेलं प्रमाणपत्र बघून मी गप्प बसले होते. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा. मी सहा आठवड्यांनी केला. आणि तिकडच्या कचेरीत हक्क अडला तर युरोपीय संघाची सॉल्व्हिट ही सेवा फुकट मदत करते.

दुसरा अर्ज मी स्वतः भरला. लग्नाचा दाखला, त्याचं जर्मन भाषांतर, नवऱ्याच्या पासपोर्टची प्रत, त्याच्या लाइपझिगमधल्या पत्त्याची नोंद आणि मी त्याच्याकडे राहायला जातेय असं त्याचं पत्र. व्हिसा शुल्क शून्य. व्हिसा मिळाला.

फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली नोंदली आहे. 1,10,000 चा हिशोब बँकेच्या कागदावर आहे. रोख दिलेल्या रकमेला आईखेरीज साक्षीदार नाही. मी पुढच्या महिन्यात निघतेय, म्हणून जबाबाला तीच जाणार आहे. मोडलेल्या एफडीची पावती आणि त्या दिवशीची रेल्वेची दोन परतीची तिकिटं तिने एका पाकिटात घालून ठेवली आहेत.