रीसेल फ्लॅटचं लॉक : बोहरी आळीतले चावीवाले काका, रीकीइंग आणि नवीन ट्रायबोल्ट

रीसेल फ्लॅट घेतला असेल किंवा भाड्याने राहायला जात असाल तर सामान टाकायच्या आधी दाराच्या चाव्या बदलून घ्या. गेले काही दिवस भेटेल त्याला हे सांगतेय म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं, म्हणजे दुकान, कारागीर, लॉक सगळ्याचाच रिव्ह्यू होईल.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला फ्लॅट घेतला, बिल्डिंग जुनी पण चांगली, आणि आधीच्या मालकांनी तो बरीच वर्षं भाड्याने दिलेला, म्हणजे 11 महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं की नवीन माणसं. ताबा देताना त्यांनी चाव्यांचा जुडगा दिला, त्यात त्यांचं काही चुकलं नाही, पण आधीचे भाडेकरू, त्यांच्याकडच्या स्वयंपाकाच्या मावशी, एजंट, पेंटर, यातल्या कोणाकडे अजून चावी आहे हे त्यांना तरी कसं माहीत असणार? कोपऱ्यावरचा चावीवाला पाच मिनिटांत डुप्लिकेट काढून देतो आणि त्याची कुठे नोंद राहत नाही. नवीन फ्लॅटवाल्यांनीही निवांत राहू नये, पझेशनच्या आधी सुतार, इलेक्ट्रिशियन, मॉड्युलर किचनवाले सगळे त्याच चावीने ये-जा करत असतात.

आता हे काम करून घ्यायचं म्हटलं की जो तो सांगतो पूर्ण लॉकच बदला. आधी आम्ही एका ऑनलाइन बुकिंगवाल्या सर्व्हिसमधून माणूस बोलावला होता, नाव देत नाही. तो आला, लॉककडे एक नजर टाकली आणि म्हणाला मॅडम हे जुनं झालं, ड्रिल करून काढावं लागेल, नवीन मीच आणून देतो, आणि आकडा सांगितला तो 9 हजाराच्या वर. लॉक व्यवस्थित उघडत होतं, चावी हातात होती, मग ड्रिल कशाला? चावी असलेलं, चालू लॉक काढायला ड्रिल लागत नाही, साधा स्क्रू ड्रायव्हर लागतो. त्याला व्हिजिट चार्ज देऊन परत पाठवलं.

मग रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. तिथे हार्डवेअरची इतकी दुकानं आहेत की ज्याला घराचं काम काढायचंय त्याने एक सकाळ तिथे घालवावीच, फक्त गाडी लांब लावा आणि चालत जा. आम्ही गेलो त्या दुकानातल्या दादांनी पहिला प्रश्न विचारला तोच मला आवडला, "लॉक खराब आहे का चावीची भीती आहे?" चावीचीच भीती असेल तर लॉक तसंच ठेवा, आतला सिलिंडर, म्हणजे चावी जिथे घालतो तो भाग, बदला नाहीतर त्यातल्या पिना बदलून घ्या असं ते म्हणाले आणि चावीवाल्या काकांचा नंबर दिला. मोठं लॉक विकायची संधी समोर असताना ज्या दुकानदाराने ती घेतली नाही त्याच्याकडून मी पुढचं सगळं सामान डोळे झाकून घेतलं. (काकांना विचारलेलं नाही म्हणून त्यांचं नाव-नंबर इथे टाकत नाहीये.)

काका दुसऱ्या दिवशी घरी आले. साठीच्या पुढचे असतील, सोबत एक पत्र्याची पेटी, त्यात बारीक बारीक कप्पे आणि कप्प्यांत पितळेच्या पिना लांबीप्रमाणे लावलेल्या. चावीवाला निवडताना हेच बघायचं. ज्याच्याकडे पिनांचा डबा आहे तो रीकीइंग करतो, म्हणजे लॉक तेच ठेवून आतल्या पिना नवीन चावीप्रमाणे बदलतो, ज्याच्याकडे फक्त कानस आहे तो जुन्याच पिना घासून नवीन चावीला जुळवतो, लॉक चालतं तेव्हा, पण पिनांची टोकं बिघडतात आणि पुढे चावी अडकायला लागते, किंवा लॉक इतकं ढिलं होतं की थोडी वेगळी चावीसुद्धा फिरते.

रीकीइंग म्हणजे काय ते मी शेजारी उभं राहून बघितलं. आमच्या सेफ्टी डोअरला आणि टेरेसच्या दाराला एकाच कंपनीचे नाइट लॅच आहेत, म्हणजे दार ओढलं की आपोआप लागणारं लॉक. काकांनी सिलिंडर बाहेर काढला, मागची पट्टी सोडवली, चावी घालून किंचित फिरवली आणि पुढचा गोल भाग, त्याला प्लग म्हणतात, हळूहळू पुढे सरकवत मागून तेवढ्याच जाडीचा एक दांडा आत सारत गेले. तो दांडा नसेल तर वरच्या स्प्रिंगा आणि वरच्या पिना टुणकन उडून खोलीभर होतात, आणि मग बसा शोधत. प्लग हातात आल्यावर खालच्या पिना उपड्या करून काढल्या, नवीन चावी आत घातली आणि चिमट्याने एकेक नवीन पीन टाकत गेले, प्रत्येक पिनेचं डोकं प्लगच्या पृष्ठभागाशी एका पातळीत येईपर्यंत. सगळी गंमत त्या पातळीत आहे. बरोबर चावी घातली की सगळ्या जोड्यांमधली फट एका रेषेत येते आणि प्लग फिरतो, एक जरी पीन वर-खाली राहिली तर प्लग जागचा हलत नाही. लायनस येल ज्युनियर नावाच्या अमेरिकन माणसाने 1861 आणि 1865 च्या पेटंटांमध्ये ही चपट्या चावीची रचना पक्की केली, आणि आपल्या दारावरच्या लॅचमध्ये आजही मूळ युक्ती तीच आहे. बाहेरचं लॉक, दाराचं भोक, पॉलिश कशालाच धक्का लागत नाही, फक्त आतल्या पिना बदलतात आणि आधीच्या सगळ्या चाव्या, कोणाच्याही खिशात असोत, बाद होतात.

मी विचारलं, दोन्ही दारांना एकच चावी चालेल का? काका म्हणाले, "चालेल की ताई, दोन्हीची खाच एकच आहे." खाच म्हणजे चावी आत शिरते त्या फटीचा आकार. कंपनी वेगळी असली की बहुतेक वेळा खाचही वेगळी असते आणि मग पिना कितीही बदला, दुसऱ्याची चावी आतच जाणार नाही. म्हणून नवीन घरात लॉक घेणार असाल तर शक्यतो एकाच कंपनीचे, एकाच सीरिजचे घ्या आणि दुकानातच विचारा की सगळ्यांना एक चावी करून मिळेल का. आमच्याकडे आता सेफ्टी डोअर आणि टेरेस एका चावीवर आहे, सासूबाईंना चष्मा न लावता चावी ओळखायला लागत होती ती कटकट संपली.

काम झाल्यावर काकांनी न सांगता जुडग्यातली प्रत्येक जुनी चावी घालून फिरवून दाखवली. एकही फिरली नाही. तुमच्याकडे कोणी काम करून गेला तर हे समोर करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

दोन लॅचचे मिळून त्यांनी नवीन चाव्यांसकट 1200 रुपये घेतले. मला ते अजिबात जास्त वाटले नाहीत, हाताचं कसब आहे ते.

मेन डोअरची गोष्ट वेगळी. तिथे मॉर्टाइस लॉक आहे, म्हणजे दाराच्या जाडीत कोरून बसवलेलं, हँडलवालं, आणि त्यात युरो सिलिंडर. हा सिलिंडर बदलणं इतकं सोपं आहे की कोणालाही घरी जमेल. दार उघडं ठेवायचं, दाराच्या कडेला लॉकच्या पट्टीवर सिलिंडरच्या रेषेत एक लांब स्क्रू असतो तो काढायचा, चावी घालून थोडीशी फिरवायची म्हणजे मधला दात सिलिंडरच्या अंगात बसतो, आणि ओढला की बाहेर. खरं काम मापाचं आहे. स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं मोजा, 30 आणि 30 असेल तर 60 मिलिमीटरचा, 35-35 असेल तर 70 चा. उगाच मोठा घेऊ नका, बाहेरच्या बाजूने सिलिंडर प्लेटच्या 3 मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे आला तर पकडीत धरून तोडायला सोपा जातो. जुना सिलिंडर सरळ खिशात घालून दुकानात नेलात तर सगळ्यात बरं.

जुना दोन्ही बाजूंनी चावीचा होता, मी बाहेरून चावी आणि आतून नॉब असा घेतला. यावर घरी बरीच चर्चा झाली कारण नवऱ्याचं म्हणणं आतूनही चावी असली की जास्त सेफ. पण रात्री काही झालं, गॅस लीक, शॉर्ट सर्किट, तर अंधारात चावी शोधत बसायचं का? घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं आहेत. शिवाय दोन्हीकडून चावीच्या साध्या सिलिंडरमध्ये आतून चावी तशीच राहिली तर बाहेरून दुसरी चावी लागत नाही बऱ्याचदा. दाराला किंवा दाराशेजारी काच असेल, जिथून हात घालून नॉब फिरवता येईल, तिथेच फक्त दोन्हीकडून चावीचा विचार करावा असं माझं मत.

आणि नुसत्या लॅचवर रात्र काढू नका हे आवर्जून सांगते. नाइट लॅचची जीभ स्प्रिंगवर असते, दार ओढलं की आपोआप लागते म्हणून सोयीची, पण जी जीभ ढकलल्यावर मागे जाते ती बाहेरूनही ढकलता येऊ शकते. चावी फिरवून बाहेर येणारा ठोकळ बोल्ट तसा मागे जात नाही. म्हणून मेन डोअरला वरच्या बाजूला आम्ही गोदरेजचं अल्ट्रा ट्रायबोल्ट नव्याने बसवलं. तीन जाड बोल्ट आहेत, चावी ठिपक्यांची, बाजारात तिला कॉम्प्युटर चावी म्हणतात, उलटी-सुलटी कशीही घाला चालते, हे रात्री लाइट गेल्यावर कळतं किती सोयीचं आहे ते. वापरायला भक्कम वाटतं, बोल्ट चौकटीत शिरताना हाताला कळतं. वजनदार आहे त्यामुळे हलक्या, आतून पोकळ दारावर लावू नका, आपल्या फ्लश डोअरला लॉकच्या जागी आत भरीव लाकूड कुठल्या बाजूला आहे ते सुताराकडून ठोकून बघून घ्या. मला एकच गोष्ट खटकते, आतला भाग बराच पुढे येतो, दार पूर्ण उघडलं की आमच्या शू रॅकला लागत होतं, शेवटी दाराला मॅग्नेटचा स्टॉपर लावला.

गोदरेजच का, तर कंपनीने 1897 मध्ये मुंबईत लालबागला सुरुवातच कुलुपांपासून केली, आणि इतक्या वर्षांत त्यांचं लॉक न पाहिलेला चावीवाला सापडणं अवघड आहे, लॉक अडकलं तर उघडणारा माणूस गावोगाव मिळतो. पण याला दुसरी बाजूही आहे, साध्या लॅचचे ब्लँक, म्हणजे न कापलेल्या कोऱ्या चाव्या, सगळीकडे मिळतात म्हणजे डुप्लिकेटही सगळीकडे होते. ठिपक्यांच्या चावीला वेगळं मशीन लागतं, ती प्रत्येक टपरीवर होत नाही, मेन डोअरला ती घेण्याचं माझं मुख्य कारण हेच.

लॉकवर हजारो रुपये घालून समोरच्या चौकटीतली, बोल्ट जिच्यात शिरतो ती पट्टी अर्ध्या-पाऊण इंची स्क्रूवर बसवलेली मी आमच्याच बिल्डिंगमध्ये बघितलीय. लाथ बसली तर आधी चौकटीतली पट्टी सुटते, लॉक नाही. आमची सागवानी चौकट आहे, सुताराला तिथे अडीच इंची स्क्रू मारायला लावले, या कामाचे त्याने पैसेही घेतले नाहीत. स्क्रू कितीचे मारतोय ते विचाराच.

कडी-कोयंड्याला बाहेरून मोठं कुलूप लावून गावाला जायची आपली पद्धत आहे, त्याने घर बंद आहे हे जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. ट्रायबोल्ट बाहेरून नुसतं एक छोटं गोल दिसतं, आत माणूस आहे की नाही कळत नाही. कुलूप टेरेसच्या पाण्याच्या टाकीला, गोडाऊनला ठीक.

समोरच्या काकूंकडे स्मार्ट लॉक आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही, मुलं शाळेतून आली की नंबर दाबून आत येतात, मावशींना वेगळा कोड देता येतो आणि त्या सोडून गेल्या की कोड काढून टाकता येतो, ही सोय साध्या चावीत नाही. पण घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघा, बॅटरी पूर्ण संपली तर बाहेरून पॉवर द्यायची सोय आहे का, आणि इमर्जन्सीच्या चावीचा सिलिंडर कसा आहे. पुष्कळ स्मार्ट लॉकमध्ये तो सिलिंडर अगदी साधा असतो, मग वरच्या फिंगरप्रिंटचा उपयोग काय? दर वर्षी नवीन भाडेकरू ठेवणाऱ्या मालकांनी मात्र स्मार्ट लॉकचा नाहीतर प्रत्येक वेळी सिलिंडर बदलायचा खर्च हिशोबात धरावा, आणि भाडेकरूंनी ॲग्रीमेंटच्या वेळीच तो मागून घ्यावा, जुना सिलिंडर जपून ठेवून घर सोडताना परत बसवून दिला तर मालकही नाही म्हणत नाहीत.

शेवटचं, काकांनी निघताना सांगितलं ते तसंच सांगते. लॉकमध्ये खोबरेल तेल घालू नका, आधी छान चालतं आणि मग धूळ धरून चिकट होतं, पिना अडकतात. ग्रॅफाइट पावडर मिळते ती फुंका, नसेल तर मऊ पेन्सिल चावीवर घासून ती आत-बाहेर करा. आणि पावसाळ्यात चावी जड जायला लागली तर लगेच लॉकला दोष देऊ नका, दार उघडं ठेवून चावी फिरवून बघा, उघड्या दारात हलकी फिरली तर दार फुगलंय, सुताराला बोलवा, चावीवाल्याला नाही.