नोकरी न सोडता नर्स प्रॅक्टिशनर: माझे ८५ हजार कसे गेले

मी गोव्यातल्या डिचोलीची. बी.एस्सी. नर्सिंग करून सहा वर्षं एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे. एबीजीचा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजन-आम्लतेच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला की पेशंट कुठल्या दिशेनं चाललाय ते डॉक्टर यायच्या आधी कळतं, पण कागदावर मी अजून स्टाफ नर्सच. म्हणून ‘नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर’, म्हणजे गंभीर पेशंटच्या उपचारात जास्त जबाबदारी घ्यायला शिकलेली नर्स, हे नाव ऐकल्यापासून ते डोक्यातून जात नव्हतं.

खरा कोर्स इंडियन नर्सिंग कौन्सिलचा आहे, म्हणजे देशातल्या नर्सिंग शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा. बी.एस्सी. नंतर किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, मग दोन वर्षं पूर्णवेळ रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत शिकणं. थिअरी जेमतेम वीस टक्के, बाकी सगळं पेशंटच्या खाटेशी. घराचा हप्ता आणि केजीतला मुलगा असताना दोन वर्षं पगार सोडायचा कसा? हे मी वॉर्डात ज्याला-त्याला बोलून दाखवत होते. त्यातूनच एका मैत्रिणीनं भाबडेपणानं एका संस्थेचा नंबर दिला.

म्हापशात झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. ‘सिस्टर, भिवपाची गरज ना,’ म्हणजे घाबरायचं कारण नाही, असं तिथला माणूस दर दोन वाक्यांनी म्हणे. नोकरी सोडायची नाही, रविवारी ऑनलाइन लेक्चर, दोन वर्षांचा कोर्स चौदा महिन्यांत, फी ८५ हजार. भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं होती, ती मी उभी राहून वाचलीसुद्धा. एक संस्था नोंदणीचं, १८६०च्या कायद्याखालचं. एक आयएसओचं. एक उद्यम नोंदणीचं, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं. तिन्ही खरी असतीलही. पण संस्था नोंदवायला सात माणसं पुरतात आणि उद्यम नोंदणी पापडाच्या धंद्यालाही मिळते. नर्सिंग शिकवायच्या परवानगीशी त्यांचा काडीचा संबंध नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. गोल शिक्का दिसला की आपण नर्सेस गप्प बसतो, ड्युटीची सवयच तशी.

चवथीच्या आधी पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवल्या आणि तीन हप्त्यांत पैसे भरले, तेही संस्थेच्या नव्हे, त्याच्याच बचत खात्यात. पावती मागितली तर व्हॉट्सअॅपवर ‘रिसीव्हड विथ थँक्स’.

शिक्षण म्हणाल तर पीडीएफ. रविवारच्या लेक्चरला सर कॅमेरा बंद ठेवून तेच पीडीएफ वाचून दाखवत. क्लिनिकलचं विचारलं तर म्हणाले, तुम्ही आयसीयूत आहातच की, तीच ड्युटी लिहा. लॉगबुक, म्हणजे केलेल्या क्लिनिकल कामाची नोंदवही, मी एका नाईटला नर्सिंग स्टेशनवर बसून भरलं. एकाच दिवशी लिहिलंय असं दिसू नये म्हणून तीन वेगवेगळी पेनं वापरली. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला ते सोयीचं वाटलं होतं. ज्या कोर्सात नवं कुणी माझा हात धरून इंट्युबेशनच्या वेळी, म्हणजे पेशंटच्या श्वासनळीत नळी घालताना, उभं करत नाही, तो प्रॅक्टिशनरचा कसा असेल, हा प्रश्न मनात आला होता. मी तो दाबला.

सर्टिफिकेट आलं त्यावर ‘प्रॅक्टिशनर’चं इंग्रजी स्पेलिंगच चुकलेलं. बाबांनी तरीही फ्रेम केली.

जादा पात्रता नोंदवायला पणजीला राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये गेले, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी कागद उलटसुलट केला आणि एवढंच विचारलं, ‘ही संस्था इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या यादीत दाखवता?’ यादी वेबसाइटवर असते, राज्यवार आणि कोर्सवार. मी तिथेच बाकावर बसून मोबाइलवर शोधली. पाच मिनिटं लागली. चौदा महिन्यांपूर्वीही पाचच लागली असती.

तुम्ही विचारात असाल तर यादीत कॉलेजचं नाव आहे एवढ्यावर थांबू नका. तोच कोर्स आणि ते वर्ष बघा, कारण बी.एस्सी.ची मान्यता दाखवून दुसराच कोर्स विकतात. आपल्या राज्याच्या कौन्सिलला लेखी विचारा की ही पात्रता नोंदवून घ्याल का. मॅनेजर तोंडी ‘हो, पगार वाढवू’ म्हणतो त्याला अर्थ नाही. पगार सोडणं अगदीच जमत नसेल, तर आपल्या हॉस्पिटलकडे अभ्यास रजेचं आधी विचारा. मी विचारलंच नव्हतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, पण तो उपयोगी पडतो पैसे गेल्या गेल्या. चौदा महिन्यांनी खात्यात काय राहणार? पोलिसांत अर्ज दिल्यावर वीस हजार परत आले, ‘बाकीचे शिगम्यानंतर’ असा निरोपही. शिगमो होऊन गेला. आता ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत अजून संपलेली नाही. आमच्या बॅचमध्ये बावीसजणी होत्या. तिघी बरोबर आल्यात. बाकीच्यांना घरी कळू द्यायचं नाही.

फ्रेम अजून हॉलमध्येच आहे. बाबांना मी सांगितलेलं नाही.