वडिलार्जित शेतजमिनीची वाटणी: वाटणीपत्र, तहसीलदारांकडील अर्ज की दिवाणी दावा?

वडिलांच्या निधनानंतर सातबाऱ्यावर वारसांची नावे लागली की वाटणी झाली, असा समज अनेक कुटुंबांत असतो. वास्तविक वारस फेरफाराने जमीन वाटली जात नाही. ती सामाईकच राहते. फेरफार ही महसुली कामापुरती नोंद असून तिच्यातून मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा स्पष्ट केले आहे. म्हणजेच थोरला भाऊ वीस वर्षे कसतो एवढ्यावरून शेत त्याचे होत नाही, आणि बहिणीचे नाव लावायचे राहून गेले म्हणून तिचा हिस्साही बुडत नाही.

मार्ग निवडण्यापूर्वी भांडण नेमके कशाचे आहे ते पाहावे. कोणाचा हिस्सा किती हे सर्वांना मान्य असून केवळ विहिरीकडचा तुकडा कोणी घ्यायचा एवढाच प्रश्न असेल, तर कोर्टाची पायरी चढण्याचे कारण नाही. एखाद्याचा हिस्साच नाकारला जात असेल, तर दिवाणी न्यायालयाखेरीज कोणालाही त्याचा निकाल देण्याचा अधिकार नाही.

एकमत असताना दोन मार्ग उरतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज केल्यास खर्च नगण्य येतो, आणि महसूल अधिकाऱ्याने केलेल्या वाटपाला नोंदणी कायद्याने सक्तीच्या नोंदणीतून वगळलेले आहे. मात्र तेथे फक्त सातबाऱ्यावरची जमीन वाटली जाते. गावठाणातले घर, सोसायटीचे कर्ज किंवा धाकट्याच्या शिक्षणावर झालेला खर्च यांचा हिशेब त्या आदेशात बसत नाही. शिवाय एका सहधारकाने जरी मालकीहक्काचा प्रश्न उपस्थित केला, तरी दिवाणी निकाल लागेपर्यंत ते वाटप थांबते. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या वाटणीपत्रात हे सगळे लिहिता येते. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतल्यामुळे खर्चाची जुनी सबबही राहिलेली नाही. माझा कल वाटणीपत्राकडे आहे, पण आधी मोजणी करून घ्यावी आणि दस्तात चतुःसीमांसोबत पाण्याची पाळी, मोटारीचे वीज कनेक्शन कोणाच्या नावे राहील आणि मागच्या हिश्श्याला बैलगाडी जाईल एवढी वाट कोठून मिळेल, हे शब्दांत लिहावे. चुलत भावांची पुढची भांडणे एकरांवरून क्वचित होतात. ती होतात बांधावरून आणि वाटेवरून.

क्षेत्र लहान असेल तर तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आडवा येतो. २०२३ च्या अधिसूचनेने राज्याच्या बहुतेक ग्रामीण भागात प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते किमान क्षेत्र, बागायतीसाठी १० आणि जिरायतीसाठी २० गुंठे ठरले. चार एकर, म्हणजे १६० गुंठे, चौघांत वाटले तर प्रत्येकी ४० गुंठे येतात आणि अडचण नसते. दीड एकर जिरायत चौघांत वाटायला गेल्यास प्रत्येकी १५ गुंठे येतात आणि तसे तुकडे पाडता येत नाहीत. अशा वेळी जमीन एकाने ठेवून इतरांना रोख मोबदला देणे हाच व्यवहार्य तोडगा असतो.

दाव्याची गती वेगळी असते. न्यायालय प्रथम हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा देते. त्यानंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार प्रत्यक्ष सरस-निरस, म्हणजे जमिनीची प्रत पाहून, वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. मधल्या अपिलांत वर्षे जातात आणि एखादा पक्षकार वारला की त्याचे वारस रेकॉर्डवर आणावे लागतात. सर्व हिस्सेदार आणि सर्व सामाईक मिळकती दाव्यात न घेतल्यास त्याच कारणावरून तो अडखळतो. एक गोष्ट वकीलही कधी कधी विसरतात: दावा चालू असताना भावाने जमीन विकू नये म्हणून महाराष्ट्रात लिस पेंडन्सची, म्हणजे जमिनीवर दावा प्रलंबित असल्याची, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, अन्यथा दाव्याचा निकाल मधल्या खरेदीदारालाही बांधतो या तत्त्वाचे संरक्षण मिळत नाही.

हिस्सा मान्य आहे की नाकारला जातो, हा फरक बहिणींच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा ठरतो. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि त्यासाठी त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात ठरवले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या मात्र अबाधित राहतात. ‘वडिलांनी तोंडी वाटून दिले होते’ हा बचाव न्यायालय अपवादात्मक परिस्थितीतच आणि भक्कम सार्वजनिक कागदपत्रे असली तरच मानते. साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत अजून आहे. ते पत्र नोंदवले गेले की फसवणूक किंवा दबाव सिद्ध केल्याशिवाय मागे फिरता येत नाही, म्हणून ज्या बहिणीला हिस्सा सोडायचा आहे तिनेही आधी वाटणीपत्रात आपला हिस्सा लिहवून घ्यावा आणि नंतर हवे तर तो द्यावा. हिस्सा मागायचा असेल, तर महिला पक्षकारांना राज्यात असलेली न्यायालय शुल्काची माफी आपल्या दाव्याला लागू होते का, हे वकिलाला विचारून घ्यावे.

दावा दाखल झाला म्हणून तडजोड संपत नाही. लोकअदालतीत झालेला निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, त्यावर अपील चालत नाही आणि भरलेले शुल्क परत मिळते. त्यामुळे सर्व सह्या मिळत असतील तर मोजणी आणि वाटणीपत्र, एकमत असून फक्त जमीनच वाटायची असेल तर कलम ८५, आणि बहिणीचे किंवा वारलेल्या भावाच्या पत्नीचे नावच नको असे कोणी म्हणत असेल तर तहसील कार्यालयातील तारखांत वर्ष न घालवता थेट दावा दाखल करून लोकअदालतीचा दरवाजा उघडा ठेवावा, असा माझा सल्ला राहील.