अदलाबदलीचं मतदान: आठ महिने वापरून

गेली दोन वर्षं मी एका ऑनलाइन गीतस्पर्धेत भाग घेते. युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या वार्षिक गीतस्पर्धेच्या धर्तीवरचा खेळ आहे. आठ महिन्यांपूर्वी आम्ही फायनलला कोण जाणार आणि मत कुणी कुणाला द्यायचं याचे नियम बदलले, त्याचा हा अनुभव. आम्ही ३७ जण आहोत, प्रत्येकाकडे एक देश. दर महिन्याला त्या देशाचं एक गाणं पाठवायचं, इतरांची ऐकायची आणि आवडलेल्या दहा गाण्यांना गुण द्यायचे: १ ते ८, मग १०, मग १२. युरोव्हिजनमध्ये ही पद्धत १९७५ पासून आहे, आम्ही ती जशीच्या तशी उचलली. माझ्याकडे भारत आहे आणि मी बहुतेक वेळा मराठी गाणी पाठवते. बक्षीस काही नसतं. पण नाशिकमधून पाठवलेलं ओवीच्या चालीचं गाणं फिनलंडमधला कुणीतरी तीनदा ऐकतो आणि त्याला दहा गुण देतो, याची किंमत माझ्या लेखी फार मोठी आहे. फायनलला कोण जाणार यावर आम्ही इतके कडाडून भांडलो ते याच कारणाने.

जुना नियम असा होता. आधीच्या महिन्यातले पहिले सहा जण थेट फायनलला. उरलेल्या ३१ जणांच्या दोन सेमीफायनल (आमच्या भाषेत सेमी), प्रत्येकीतून नऊ जण वर, म्हणजे फायनलला एकूण २४ गाणी. ज्याची गाणी सलग वर येतात त्याला हा नियम गोडच वाटणार. माझं गाणं तीन वेळा दहावं आलं, म्हणजे तीन वेळा उंबरठ्यावरून परत. त्याचं वाईट वाटलं, पण माझा आक्षेप वेगळा होता: त्या सहा जणांना गाळणीतून जावंच लागत नव्हतं. मागच्या महिन्याचं गाणं चांगलं होतं म्हणून या महिन्याचंही चांगलंच असेल, असं कसं धरायचं? गाणं नवीन आहे, तर परीक्षाही नवीन हवी.

वाद घालताना प्रत्येक जण युरोव्हिजनचा दाखला देत होता, आणि गंमत म्हणजे दाखले दोन्ही बाजूंना मिळतात. २००४ साली इस्तंबूलला पहिल्यांदा सेमीफायनल आली तेव्हा आदल्या वर्षीचे वरचे दहा देश थेट फायनलला जायचे, शिवाय जर्मनी, फ्रान्स, स्पेन आणि ब्रिटन हे चौघे होतेच. थेट प्रवेशाच्या बाजूचे लोक हेच पुढे करत होते. मी त्यांना २००७ चं हेलसिंकी दाखवलं. एकूण ४२ देश, त्यांतले १४ थेट फायनलला आणि उरलेल्या २८ जणांसाठी दहा जागा. पुढच्याच वर्षी बेलग्रेडला दोन सेमी कराव्या लागल्या, आणि थेट प्रवेश फक्त त्या चौघांना आणि यजमानाला उरला. अँडोरासारखा चिमुकला देश २००४ ते २००९ सलग सहा वर्षं आला आणि एकदाही फायनलला पोहोचला नाही. त्या चार मोठ्या देशांना २००० पासून मिळालेली सवलत पैशांशी जोडलेली होती, स्पर्धेच्या खर्चाचा मोठा वाटा ते उचलायचे. १९९६ साली फक्त ध्वनिफिती ऐकून २९ गाण्यांतून २२ निवडली गेली आणि त्यात जर्मनीच गळाली, तेव्हा आयोजकांना पैशांची अडचण चांगलीच जाणवली होती. आमच्याकडे कुणी एक पैसाही भरत नाही. मग ते कारण आम्हाला लागू कसं होणार?

शेवटी मतदान झालं आणि नवा नियम आला. थेट प्रवेश फक्त यजमानाला, म्हणजे आदल्या महिन्याच्या विजेत्याला. बाकीच्या ३६ जणांच्या १८-१८ च्या दोन सेमी, प्रत्येकीतून ११ वर, आणि दोन्हीकडच्या बाराव्यांपैकी एकाला वाइल्ड कार्ड, म्हणजे फायनलची एक जादा जागा. फायनलला पुन्हा २४ गाणीच. जुन्या पद्धतीत सेमीतल्या ३१ जणांना १८ जागा होत्या, म्हणजे ५८ टक्के. आता ३६ जणांना २३, म्हणजे जवळजवळ ६४ टक्के. सहा जणांचं राखीव ताट काढून घेतलं आणि बाकी सगळ्यांच्या पानात थोडं जास्त पडलं.

दुसरा बदल याहून मोठा होता आणि मला तो मनापासून आवडतो. आपल्या सेमीत मत द्यायचंच नाही. पहिल्या सेमीतल्यांनी दुसरीतली गाणी ऐकून गुण द्यायचे आणि दुसरीतल्यांनी पहिलीतली. यजमान दोन्हीकडे मत देतो. आपण ज्या शर्यतीत धावतोय त्याच शर्यतीचे पंच असलो की हात आखडतोच. काठावरच्या प्रतिस्पर्ध्याला गुण देताना मीसुद्धा थबकले आहे. २०२२ साली तुरिनमध्ये दुसऱ्या सेमीत सहा देशांच्या ज्युरींची मतं संशयास्पद ठरून बाद झाली होती, आणि त्या सहाही देशांची गाणी त्याच सेमीत होती. अदलाबदल केली की हा मोहच राहत नाही. समोरच्या सेमीत कोण वर गेलं याने माझ्या गाण्याला काहीच फरक पडत नाही, म्हणून मी फक्त ऐकते.

हे सगळं आठ महिने वापरून झालं. तक्रारीही आहेत, आणि पहिली मोठी चूक आम्हीच केलेली होती.

युरोव्हिजनमध्ये २००८ पासून, कोण कुठल्या सेमीत हे ठरवणाऱ्या सोडतीआधी पॉट, म्हणजे देशांचे गट करतात. जे देश एकमेकांना सढळ हाताने गुण देतात ते एका पॉटमध्ये, आणि मग पॉट फोडून दोन सेमींत वाटायचा. शेजारी वेगळे पडतात, आणि आपापल्या सेमीतच मत द्यायचं असल्याने एकमेकांना मदत करू शकत नाहीत. आम्हीही तसंच केलं आणि दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही की आमच्याकडे याचा परिणाम नेमका उलटा होतोय. मतदान समोरच्या सेमीत. म्हणजे जोडी फोडून दोघांना दोन सेमींत टाकलं की ते एकमेकांनाच मत देणार! पहिल्या दोन्ही महिन्यांत एका जोडीने एकमेकांना १२ गुण दिले. त्यात लबाडी नव्हती, दोघांनाही एकाच धाटणीची गाणी आवडतात. पण सेमीत १२ गुण म्हणजे कुणाचा तरी मुक्काम हलतो. मी मागच्या दहा महिन्यांच्या गुणांचा तक्ता मांडला आणि तिसऱ्या महिन्यापासून पॉट उलटे केले: ज्यांची आवड जुळते त्यांना एकाच सेमीत ठेवायचं. त्यानंतर निकाल वाचताना पूर्वीसारखं डोळ्यांत खुपलेलं काही मला आठवत नाही. कुणी ही पद्धत घेणार असेल तर पहिल्या दिवसापासून पॉट असेच करा.

चौथा महिना सगळ्यात अवघड गेला. मत दिलं नाही तर तुमचं गाणं बाद, हा आमचा नियम, आणि तो असावा म्हणून मीच सगळ्यात जास्त आग्रह धरला होता. त्या महिन्यात एस्टोनियाच्या ताईंचं गाणं पहिल्या सेमीत दुसरं आलं, पण त्यांचं मतच आलं नाही. वडील रुग्णालयात होते. गाणं बाद करावं लागलं. काही जण म्हणाले, या वेळी सोडून द्या. मी विरोधात मत दिलं, कारण निकाल कळल्यावर नियम वाकवला की तो कुणासाठी वाकतो हे सगळ्यांना दिसतं. ते मत देताना मला फार जड गेलं, आणि त्यांना निरोप पाठवताना त्याहून जड. त्यांनी एका शब्दानेही बोल लावला नाही.

त्याच महिन्यात वाइल्ड कार्डचा घोळ झाला. ताई बाद झाल्यामुळे पहिल्या सेमीतलं बारावं गाणं वर सरकलं आणि वाइल्ड कार्डसाठी तेरावं उरलं, ४६ गुणांचं. दुसऱ्या सेमीतल्या बाराव्याचे ४५. वरवर पाहता पहिलंच जिंकलं. पण ताईंचं मत दुसऱ्या सेमीसाठी होतं, त्यामुळे तिथे एक मतदार कमी. पहिल्या सेमीत १९ मतदार म्हणजे जास्तीत जास्त २२८ गुण शक्य, दुसऱ्या सेमीत १८ मतदार म्हणजे २१६. टक्क्यांत मांडलं तर २०.२ विरुद्ध २०.८. म्हणजे वाइल्ड कार्ड दुसऱ्या सेमीला. सुदैवाने तुलना टक्क्यांत करायची हे कलम आधीच लिहिलेलं होतं, नाहीतर रात्रभर भांडण चाललं असतं.

आता प्रत्येक जण गुरुवारपर्यंत कच्ची यादी देऊन ठेवतो. वेळेत बदलली नाही तर तीच पक्की धरायची. भारतात बसलेल्यांना याचा मोठा आधार आहे, कारण मुदत मध्य युरोपातल्या रविवारच्या मध्यरात्री संपते, म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट, हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन. त्यानंतरच्या चार महिन्यांत एकही मत बुडालेलं नाही.

एक तोटा मात्र राहतोच. समोरच्या सेमीत आपलं काहीच पणाला नसलं की काही जण गाणी अर्धवट ऐकतात. संथ सुरुवातीच्या गाण्यांना त्याचा फटका बसतो, आणि आपली कितीतरी गाणी संथच सुरू होतात. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. प्रत्येक गाण्यावर दोन ओळी लिहायची सक्ती एक महिना करून पाहिली, तर लोक "छान" एवढंच लिहून मोकळे झाले.

पाचपैकी साडेचार तारे. तुमच्याकडे वीसेक जणच असतील तर सेमीच्या भानगडीत पडू नका, सगळ्यांना एकाच फेरीत ऐका.

गेल्या महिन्यात भारत पहिल्यांदा जिंकला, त्यामुळे येत्या महिन्याचं यजमानपद आणि थेट प्रवेश दोन्ही माझ्याकडे आले. थेट प्रवेश मी घेत नाहीये. भारताचं गाणं सेमीत टाकायला सांगितलंय आणि मी दोन्हीकडे न देता फक्त समोरच्या सेमीत मत देणार आहे. म्हणजे १९ आणि १८ अशा दोन सेमी, वाइल्ड कार्ड एकाऐवजी दोन, आणि टक्क्यांचा तक्ता मी कालच करून ठेवलाय.